बोरांखालचं पातेलं

आमच्या गल्लीतल्या बायकांच्या मंडळाची मोठी भांडी आमच्या जिन्याखालच्या खोलीत असतात आणि त्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते. हे काम मला हुशारीमुळे मिळालं नाही. जिना आमचा आहे, म्हणून मिळालं.

भांडी म्हणजे जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची पातेली, पराती, झारे, वगराळी, वाढायच्या बादल्या आणि एक कढई, जी उचलायला दोन माणसं लागतात. कुणाकडे बारसं असलं, साखरपुडा असला की माणसं माझ्या दारात येतात. मी कुलूप काढते. ते भांडी नेतात. परत आणतात तेव्हा मी ती पुन्हा घासते, कारण लोक घासून आणतात ते नुसतं सांगायला.

ही किल्ली मिळायच्या आधी मला लग्नकार्याची धास्ती असायची. मी भिंतीला लागून उभी राहायचे आणि येणारी प्रत्येक बाई विचारायची, "बरं न्हाय का?" मला बरं असायचं. मला फक्त बोलायला काही नसायचं. किल्ली आल्यापासून मी भांड्यांपाशी उभी राहते. नुसती उभी राहिलेली बाई सगळ्यांच्या नजरेत येते. भांड्यांपाशी उभी राहिलेली बाई कामात असते. तिला कुणी काही विचारत नाही. फार तर परात मागतात. म्हणून मला ती किल्ली हवी होती, आणि म्हणूनच गेल्या पौषात ती जाते की काय अशी वेळ आली तेव्हा मी जे केलं ते केलं. एरवी केलं नसतं.

घासायचं म्हणाल तर मी जरा जास्तच घासते. तारेची घासणी, वर राख. बुडाला बाहेरूनसुद्धा. आमच्या घरातली कढई बघून माझा नवरा म्हणायचा, "एक दिवस ह्यातनं पलीकडचं दिसंल." तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर असतो. दिवसभर मागाच्या खडखडाटात काढलेला माणूस घरी येऊन मोठ्यानं बोलतो, त्यामुळे त्याचा हा विनोद गल्लीतल्या सगळ्यांना पाठ होता. पुढं तो माझ्या अंगाशी येणार होता.

वेळा अमावास्येला आमच्या भागात येळवस म्हणतात. त्या दिवशी शेतावर भज्जी, म्हणजे सगळ्या भाज्या-शेंगांची मिळून केलेली पातळ भाजी, आंबील, बाजरीचे उंडे घेऊन जायचं आणि बांधावरून जाईल त्याला बोलवून जेवू घालायचं. कोपऱ्यावरचे काका त्यासाठी सगळ्यात मोठं पातेलं मागायला आले. काका कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात होते. निवृत्त होऊन इथं राहायला आले आणि अक्कलकोटकडच्या शेतात त्यांनी डाळिंब लावलं. माझ्या सासऱ्यांचे ते मित्र, म्हणून मला सूनबाई म्हणतात.

"सूनबाई, मोठं द्या. अवंदा माणूस लई हाय."

मी दिलं.

येळवस झाली. पातेलं आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. विचारायला जावं असं माझ्या मनात होतं, पण काका मोठे, आणि विचारायचं म्हणजे त्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं. मी वाट बघितली. मग एका संध्याकाळी ते रिक्षातून पातेलं घेऊन आले. पातेलं बोरांनी शीग लावून भरलेलं होतं.

आमच्याकडे मागून नेलेलं भांडं रिकामं परत देत नाहीत. लहान वाटी असली तर साखरेची चिमूट तरी टाकतात. पण एवढ्या मोठ्या पातेल्यात भरून बोरं आणलेली मी कधी बघितली नव्हती.

"कशाला एवढी," मी म्हणाले. निदान म्हणाले असं मला वाटतं. माझं बोलणं पुष्कळदा माझ्यापुरतंच राहतं.

"असू द्या की. शेतातली हायत," काका म्हणाले. रिक्षावाल्यानं आणि त्यांनी मिळून पातेलं अलगद आत नेऊन ठेवलं. इतकं अलगद, की मला वाटलं काका भांड्याला जपतात. जाताना ते वळून म्हणाले, "सावकाश काढा. हलवू नका लई. वरची चांगली हायत."

आता लिहिताना हे वाक्य मला चांगलंच कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोरं गल्लीत वाटायला घेतली. बायका ताटल्या घेऊन येत होत्या. शेवटी लिंबाखालच्या काकू आल्या. त्यांच्या दारात लिंबाचं झाड आहे, म्हणून त्यांना सगळे तसं म्हणतात. मंडळाच्या त्या अध्यक्ष. काकूंचा आवाज मोठा आहे आणि त्यांना तो आवडतो. मी वाकून त्यांची ताटली भरत होते. बोरं संपत आली, खाली गोणपाट लागलं. मी गोणपाट उचललं.

"अगं," काकू म्हणाल्या, "ह्यातनं फरशी दिसतीया."

दिसत होती. बुडाला रुपयाएवढं भोक होतं, कडा कुरतडल्यासारख्या. आजूबाजूला बारीक बारीक खड्डे, देवी येऊन गेलेल्या चेहऱ्यासारखे. त्या खड्ड्यांत काहीतरी तांबूस, मऊ, विटेच्या भुकटीसारखं बसलेलं होतं. पातेलं धुतलेलं होतं, पण काठाच्या वळीत बोट फिरवलं तेव्हा माझ्या बोटाला निळसर पूड लागली.

बोरं खाऊन कुणाला काही झालं नाही. घसा धरला तेवढाच, आणि तो बोरांनी नेहमीच धरतो.

काकू तशाच ताटली घेऊन काकांच्या दारात गेल्या. मी गेले नाही. पण काकूंचं बोलणं ऐकायला कुणाला जवळ जावं लागत नाही, आणि काकाही रेल्वेच्या कारखान्यातले.

"म्या बोललो न्हाय," काका सांगत होते. "म्हटलं, बाईमाणूस हाय, वाईट वाटंल. भज्जी उकळाया लागली आन् बुडातनं थेंब थेंब गळाया लागलं की. तिनं घासून घासून पार कागद केलाय त्याचा. तिचा नवरा सोताच म्हणतोय, पलीकडचं दिसतंय म्हणून."

गल्लीत कुणीतरी हसलं.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठरलं की रविवारी काकूंच्या घरी बायकांनी जमायचं आणि संक्रांतीच्या आत किल्लीचं काय ते बघायचं. काकूंच्या घरी माळ्यावर जागा आहे, हेही त्यांनी त्याच बोलण्यात सांगितलं.

तांबूस रंग मला ओळखीचा होता. माझे वडील द्राक्षाच्या बागेत कामाला होते, दुसऱ्याच्या. तिथं फवारणीसाठी मोरचूद भिजत घालायचे, फडक्यात बांधून, पिंपात लोंबकळत. निळं निळं पाणी व्हायचं. मग त्यात चुन्याची निवळी मिसळायची. चुना कमी पडला तर पानं जळतात. तो पुरेसा झाला की नाही हे बघायला वडील पिंपात विळा बुडवायचे आणि मला दाखवायचे. विळ्याच्या पात्यावर तांबडा रंग चढला तर अजून चुना. पातं जसंच्या तसं राहिलं तर झालं. वडिलांची नजर अधू होती, म्हणून बघायचं काम माझ्याकडे. शाळेत मी दिलेलं उत्तर कधी गुरुजींपर्यंत पोचलं नाही आणि चौथीनंतर तर शाळाच पुढच्या गावाला होती, तिथं मला पाठवलं नाही. पण पिंपापाशी मला फक्त "तांबडा" किंवा "न्हाय" म्हणायचं असायचं. ते मला जमायचं.

तेव्हा पातेल्यात मोरचूद भिजलं होतं, एवढं मला कळलं. पण त्यानं भोक पडतं का हे मला माहीत नव्हतं. विळ्याला कधी भोक पडलेलं मी बघितलं नव्हतं. आणि घासते तर मी खरंच. खोलीतली बाकीची पातेली मी उजेडात धरून बघितली, बुडाला टिचक्या मारून बघितल्या. ती ठीक वाटली, पण सगळ्यात जास्त वापर मोठ्याचाच. काका खोटं बोलत असतील, पण पातेलं मीच पातळ केलेलं असलं तर त्यांच्या खोटेपणाचा मला काय उपयोग?

मी नवऱ्याला म्हणाले, "येताना मोरचूद आणा. पुडीभर."

"आता काय, गच्चीवर डाळिंब लावतीस व्हय?"

"बघायचंय."

त्यानं आणलं. दुकानदारानं विचारलं म्हणे, कशाला पाहिजे. हा म्हणाला, बायकोला बघायचंय. दुकानदारानं आणखी काही विचारलं नाही.

घरात जर्मनची एक जुनी वाटी होती, चेपलेली, कुणाच्या उपयोगाची नसलेली. मी ती दुपारी परसात ठेवली आणि तिच्यात मोरचुदाचे खडे टाकून पाणी घातलं. पाणी प्यायचं घातलं. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, ते आम्ही भरून झाकून ठेवतो आणि जपून वापरतो. बाकी सगळ्याला बोअरचं. प्यायचं वाटीभर पाणी विषावर घालताना जिवावर आलं, पण मला वाटलं, बघायचं तर नीट बघावं, चांगल्या पाण्यात. आमच्या वडिलांच्या पिंपातही कॅनॉलचं गोडं पाणी असायचं.

खडे विरघळले. पाणी निळं झालं. वाटीला काही झालं नाही.

मी भाकरी केल्या, जेवले, भांडी घासली, पुन्हा येऊन बघितलं. निळं पाणी, त्यात वाटी. काडीनं ढवळलं. उन्हात सरकवली. शेजारचं मांजर येऊन बघून गेलं, त्यालाही काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही वाटी वाटीसारखीच होती.

म्हणजे पातेलं मीच घासून संपवलं होतं.

मी हे मान्य केलं. मला मान्य करायला वेळ लागत नाही. किल्ली मी कमरेच्या करगोट्यातून काढून देव्हाऱ्याजवळ ठेवली, म्हणजे रविवारी पटकन देता येईल आणि कुणाला मागावी लागणार नाही. त्या रात्री भांडी नुसत्या पाण्यानं विसळली. सकाळी नवरा कढईकडे बघून म्हणाला, "आज काय झालं हिला? काळी पडली की."

"राहू दे काळी."

त्याला माझ्यापेक्षा कढईची जास्त काळजी वाटल्यासारखी दिसली.

वाटी तशीच परसात होती. ते निळं पाणी कुठं टाकावं हा प्रश्न होता. मोरीत टाकलं तर गटारीत जाईल, गटारीवर कोंबड्या येतात. थोडं पातळ करावं आणि मग कोपऱ्यात खड्डा करून ओतावं म्हणून मी बादलीतलं तांब्याभर पाणी घेतलं आणि वाटीत काठापर्यंत भरलं. बादलीत बोअरचं होतं. आमचं बोअरचं पाणी एवढं मचूळ की साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. चहा केला तर चहाच खारा लागतो.

तेवढ्यात नळाला पाणी आलं. पाणी आलं की गल्लीत कुणी कुणाचं नसतं. मी पिंप, हंडे, कळशी, पातेली भरून घेतली, शेवटी झारीसुद्धा, आणि पाणी गेल्यावर परसात आले.

वाटीतून आवाज येत होता. सोड्याची बाटली फोडून ठेवल्यावर येतो तसा, बारीक, सलग. वाटीच्या अंगाला बुडबुडे चिकटलेले होते, सुटून वर येत होते. पाण्याचा निळा रंग फिका पडला होता. आणि वाटीच्या आतून, सगळीकडून, तांबूस काहीतरी उगवलं होतं. शेवाळ असतं तसं, पण विटकरी. त्याचे झुपके सुटून तळाशी बसत होते. मी वाटीला बाहेरून बोट लावलं. ती गरम होती. उन्हात नव्हती, सावलीत होती, तरी नुकता चहा ओतल्यासारखी गरम.

"तांबडा," मी म्हणाले. तिथं कुणी नव्हतं.

मी खाली बसून बघत राहिले. दुपारपर्यंत पाण्याचा निळेपणा बराचसा गेला. मग वाटीखालची फरशी ओली झाली. मी वाटी काडीनं कलती केली, बुडाशी सुईच्या नाकाएवढं भोक होतं आणि त्यातून थेंब येत होता. रोज खरकटं घासणाऱ्या बाईला भोक बघून एवढा आनंद होऊ नये. पण झाला.

मग मी जर्मनचाच एक चेपका डबा घेतला, त्यात गोडं पाणी आणि मोरचूद. काही नाही. त्यात मिठाची चिमूट टाकली. थोड्या वेळानं फसफसायला लागलं. म्हणजे मोरचूद एकटं काही करत नाही. त्याला मीठ लागतं. आणि काकांच्या शेतातलं बोअरही अक्कलकोटकडचंच, आमच्याहून मचूळ. काकू तिकडून आलेल्या आंबिलीला नेहमी म्हणतात की ह्यात मीठ घालायची गरजच नव्हती.

संध्याकाळी मी नवऱ्याला दाखवलं. तो वाटी हातात घेणार होता, मी घेऊ दिली नाही. त्यानं वाकून, हात मागं बांधून बघितलं, जत्रेतल्या खेळण्यासारखं.

"मग बोल की रविवारी."

"मी न्हाय बोलणार. वाटी नेते."

"वाटी बोलंल व्हय?"

"बोलंल."

मी किल्ली पुन्हा करगोट्यात बांधली आणि कढई घासली. राखेनं.

रविवारी मी काकूंकडे गेले. पदराखाली पिशवी, पिशवीत दुसरी एक जर्मनची वाटी आणि मोरचुदाची पुडी. बायका आल्या होत्या. काकाही होते, त्यांना मुद्दाम बोलावलं होतं, आणि त्यांच्याबरोबर त्यांची बायको. तिला मी मावशी म्हणते. ती फार चांगली आहे, फक्त तिच्या समोर काही लपून राहत नाही. काकांना खुर्ची दिली होती. त्यांनी पातेल्याची हकीकत पुन्हा सांगितली. ह्या वेळी भज्जी जास्त गळली.

मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

मी पिशवीतून वाटी काढली, मध्ये जमिनीवर ठेवली आणि तिच्यात मोरचूद टाकलं.

"हे काय?" काकू म्हणाल्या.

"बघा," मी म्हणाले. बोलायचं तेवढंच ठरवलं होतं. पाणी घालायचं राहिलं होतं. पाणी मी आणलं नव्हतं, कारण पाणी सगळ्यांच्याच घरी असतं. मी हातानं पाण्याची खूण केली.

काकू कितीही बोलल्या तरी घरी आलेल्या माणसाला त्या रीत सोडत नाहीत. त्या आत गेल्या आणि फिल्टरचं पाणी घेऊन आल्या, स्टीलच्या तांब्यातून, वर फुलपात्र झाकून. माझ्या हातात न देता त्यांनी स्वतःच ओतलं.

पाणी निळं झालं. बायका पुढं झुकल्या. मीही झुकले. माझ्या अजून लक्षात आलं नव्हतं.

बराच वेळ आम्ही सगळ्यांनी त्या वाटीकडे बघितलं. कुणीतरी खोकलं. मावशींनी विचारलं, "आता काय होणार हाय?" मला ते सांगता येत होतं, पण व्हायला पाहिजे होतं आधी. काका खुर्चीत मागं टेकले.

"निळं झालं की," ते म्हणाले. "आमाला वाटलं काय दावतीया."

"रंगपंचमीला लई येळ हाय अजून," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या. काकूंनी माझ्या कमरेकडे बघितलं, जिथं किल्ली होती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. फिल्टरचं पाणी. त्यात मीठ कुठून असणार? आणि हे वाटी काही सांगू शकत नव्हती. मला वाटलं, किल्ली काढून ठेवावी आणि घरी जावं. दार जवळच होतं.

"हे पाणी नको," मी म्हणाले.

"काय?"

"हे नको. मोरीतलं द्या."

काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "माझ्या घरचं पाणी खराब हाय का? फिल्टरचं हाय ते! मोरीतलं मागती! पावन्यारावळ्यांसमोर मी मोरीतलं पाणी देऊ व्हय?"

"ते लई चांगलं हाय," मी म्हणाले. "खराब पाहिजे. बोअरचं. काकांच्या शेतावर हाय तसं."

एवढी वाक्यं मी एका दमात त्याआधी कधी बोलले असेन असं मला आठवत नाही. माझा आवाज मलाच कुणा दुसऱ्या बाईचा वाटला. बायकांनी माना वळवून बघितलं, बहुतेक त्यांनाही तसंच वाटलं असावं. काकू मोरीत गेल्या आणि प्लास्टिकच्या मगातून पाणी आणून वाटीत ओतलं, बरंचसं बाहेर.

आधी काही झालं नाही. मग वाटीच्या अंगाला एक बुडबुडा दिसला. मग पुष्कळ. मग आवाज सुरू झाला.

"अगं बया," मावशी म्हणाल्या, "बोलतंय की हे."

तांबूस शेवाळ चढायला लागलं. बायका आणखी पुढं सरकल्या, एकीचा पदर वाटीत जाता जाता राहिला. काकूंनी बोट लावलं आणि मागं घेतलं. "तापलंय! चुलीबिगर!"

"हात धुवा," मी म्हणाले. "विष हाय." त्या गेल्या आणि हात धुऊन आल्या. मी सांगितलेलं काकूंनी ऐकल्याची ती पहिली वेळ.

काकांना खुर्चीतून नीट दिसत नव्हतं. ते उठून आले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले. कारखान्यात काम केलेला माणूस. काही तापत असलं, वाजत असलं की त्यांना राहवत नाही. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच कौतुक होतं.

"व्हय की," ते म्हणाले. "त्या दिवशी बी असंच फसफसलं. म्या म्हटलं, आतनं कोण फुकतंय का काय."

वाटी तेवढी बोलत होती.

"कुठल्या दिवशी?" मावशींनी विचारलं.

काका तसेच वाकलेले राहिले.

"म्हंजी तुमी पातेल्यात मोरचूद भिजिवलं?" मावशी म्हणाल्या. "फवारणीचा ड्रम फुटलाय म्हनून मी बोंबलत हुते, तवा काय म्हनलासा? करतो कायतरी, म्हनलासा. आन् मला सांगितलं भज्जी गळली. भज्जी मी केली हुती! एक थेंब गळला न्हाय! मी म्हनते, ह्यांना कवा गळताना दिसली?"

"अगं, हळू."

"बोरं बी माझ्याकडनं येचून घेतली. सूनबाईला द्यायची म्हनून. मी एक एक बघून टाकली!"

"वरची चांगली होती," मी म्हणाले. हे मी का म्हणाले ते मला माहीत नाही. मावशींना वाईट वाटू नये म्हणून असेल. पण सगळ्या हसल्या, आणि काकाही, वाकलेले होते तसेच, जमिनीकडे बघून हसले. मग सरळ होऊन म्हणाले, "नवं आणून देतो." आणि खुर्चीत न बसता दारात जाऊन उभे राहिले.

मला वाटलं, झालं. मी वाटी उचलायला लागले.

"थांब," काकू म्हणाल्या. "भोकाचं झालं. किल्लीचं कुटं झालंय?"

बायका पुन्हा बसल्या.

"त्यांनी खोटं सांगितलं, ते त्यांचं. पण बोरांनी भरलेलं पातेलं तू घेतलंस कसं? खाली बघितलं का? पालथं करा म्हनालीस का? न्हाय. का न्हाय? तर तोंडातनं शब्द निघत न्हाय. उद्या कोन पातेल्यात सिमेंट कालवंल आन् वर पेरू ठेवून आणून देईल. तू म्हनशील, कशाला एवढे."

हे खरं होतं. काकू मोठ्यानं बोलतात म्हणून त्या चुकतात असं नाही. मी वाटीकडे बघत होते. ती अजून वाजत होती, पण हळू.

"आता म्हणेन," मी म्हणाले.

"काय म्हनशील?"

"पालथं करा."

"कुनाला?"

"येईल त्याला."

"मोठं मानूस असलं तरी?" त्यांनी दाराकडे मान केली. काका बाहेर बघत होते.

"असलं तरी."

काकूंनी सगळ्यांकडे बघितलं. मावशी म्हणाल्या, "राहू दे की तिच्याकडंच. हिच्यासारखं घासतंय कोन?" त्यावर काकू माळ्याबद्दल काही बोलल्या नाहीत. किल्ली माझ्याकडे राहिली. चहा झाला. चहा फिल्टरच्या पाण्याचा होता, काकूंनी ते दोनदा सांगितलं.

काकांनी नवं पातेलं आणलं, जुन्याहून जाड. ते दारातच पालथं करून त्यांनी मला बूड दाखवलं, मी म्हणायच्या आधीच. जुनं पातेलं परसात आहे. माती भरून त्यात कढीपत्ता लावला आहे. कुंडीला भोक लागतंच.

संक्रांत झाल्यावर काकूंकडे पूजा होती. त्यांनी मधलं पातेलं नेलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः घेऊन आल्या. हरभऱ्याच्या डहाळ्यांनी गच्च भरलेलं, हिरवंगार, वर ओल्या मुळांची माती तशीच. त्यांनी ते माझ्या हातात देण्यासाठी पुढं केलं. मी हात पुढं केला नाही. समोरच्या घरातली बाई दारात येऊन उभी राहिली होती, तिला हे बघायचं होतं.

"पालथं करा, काकू."

"मला?"

"सगळ्यांना."

"मी अध्यक्ष हाय."

"व्हय," मी म्हणाले. "पालथं करा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पातेलं पायरीवर पालथं केलं. डहाळे पसरले, माती सांडली. मग त्यांनी रिकामं पातेलं उचलून बुडाला बोटांनी वाजवलं आणि माझ्या तोंडासमोर धरलं. मी ते घेतलं, उजेडाकडे केलं आणि आत बघितलं. पलीकडचं काही दिसलं नाही. म्हणजे ठीक होतं.

"झालं समाधान?" काकू म्हणाल्या, आणि पायरीवर बसून एक डहाळा तोडून हरभरे सोलायला लागल्या. "बस आता. खा. का हे बी घासून घेतीस?"